पाण्याची आगगाडी आणि विजेचा रांजण

दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांस पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. इ. स. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचा मांजरा जलाशय आटला, लातूर शहराचे नळ कोरडे पडले आणि आपल्या बीड जिल्ह्यातही गावोगाव लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. अशा वेळी त्या वर्षीच्या ११ एप्रिल रोजी कृष्णाकाठच्या मिरजेहून एक आगगाडी लातूरकडे निघाली. तिच्यात उतारू नव्हते, धान्य नव्हते, कोळसा नव्हता. दहा वाघिणींत प्रत्येकी पन्नास हजार लिटर याप्रमाणे पाच लाख लिटर पिण्याचे पाणी होते. या वाघिणी राजस्थानातील कोटा येथे आतून वाफेने धुऊन स्वच्छ करून आणल्या होत्या. सुमारे ३४२ किलोमीटरांची मजल करून ती गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोहोचली. आज आमच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी ही हकीकत केवळ वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेली असेल. पालकांना मात्र ती अजून विसरता आलेली नाही.

ही गाडी डिझेलच्या इंजिनाने ओढली, कारण त्या वेळी या मार्गावर विजेची तार नव्हती. यंदा विज्ञानाच्या तासाला आम्ही वर्गापुढे एक प्रश्न ठेवला. हल्ली रस्त्यावर बॅटरीवर चालणाऱ्या दुचाक्या व मोटारी दिसू लागल्या आहेत, मग तीच पाण्याची गाडी बॅटरीच्या इंजिनाने ओढता आली असती काय? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. जगातील मोठमोठे कारखानदार व रेल्वेचे इंजिनियर आज याच प्रश्नाशी झुंजत आहेत. तेव्हा तो आपल्या परिचयाच्या गाडीवर सोडवून पाहणे विद्यार्थ्यांस हितकर होईल, असे वाटल्यावरून पुढील विवेचन करीत आहो.

प्रथम वजन पाहू. पाच लाख लिटर पाणी म्हणजे ५०० टन. रिकामी टाकीची वाघीण सुमारे २७ टनांची असते, म्हणजे दहा वाघिणींचे २७० टन झाले. त्यात इंजिनाचे सव्वाशे टन मिळविले की एकंदर बेरीज ९०० टनांच्या घरात जाते. एवढे वजन ओढण्यास किती जोर लागेल? येथेच लोखंडी रुळाचा मोठेपणा दिसून येतो. सपाट रुळावर पोलादी चाक इतके सहज फिरते की, बेताच्या वेगाने चालणाऱ्या गाडीस दर टनामागे अदमासे अडीच किलो वजनाइतकी ओढ पुरते. म्हणजे ९०० टनांस २,२५० किलोंची ओढ झाली. ओढीस अंतराने गुणिले की काम निघते. ३४२ किलोमीटर म्हणजे ३,४२,००० मीटर. गुणाकार सुमारे ७७ कोटी किलो-मीटर येतो. विजेच्या बिलावर आपण जे ‘युनिट’ वाचतो, त्या एका युनिटात सुमारे ३,६७,००० किलो-मीटर काम होते. भागाकार केला असता उत्तर २,१०० युनिटे येते. वाटेतील चढ, थांबून पुन्हा वेग घेणे आणि यंत्रांतील घट यांसाठी आणखी ९०० युनिटे धरू. एकूण ३,००० युनिटे झाली. ज्या घरी महिन्यास शंभर युनिटे वीज जळते, त्या घरास हीच वीज अडीच वर्षे पुरली असती.

आता ही वीज साठविण्यास बॅटरी केवढी लागेल? बॅटरी अगदी तळापर्यंत रिकामी करणे तिच्या प्रकृतीस मानवत नाही, आणि वाटेत काही अडचण आल्यास हाताशी शिल्लकही हवी. म्हणून ४,००० युनिटांची बॅटरी घेऊन तीतील तीन हिस्से वापरावयाचे, असे ठरविले. आजच्या लिथियमच्या बॅटरीचे वजन पेटी, गार ठेवण्याची यंत्रणा व जोडण्या धरून दर युनिटामागे साधारण आठ किलो भरते. म्हणजे आपली बॅटरी ३२ टनांची झाली. मालगाडीच्या इंजिनास जड असणे काही वाईट नव्हे. चाक रुळावर घसरू नये म्हणून त्यास वजन हवेच असते. सबब ३२ टनांची बॅटरी इंजिनात बसविणे अशक्य नाही.

येथपर्यंत हिशेब येताच वर्गात मोठा आनंद झाला आणि ‘साधले, साधले!’ असा एकच घोष उठला. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलीने उभे राहून विचारले, “पण गुरुजी, हा रांजण भरायचा कोणी, आणि किती वेळात?” सारा वर्ग गप्प झाला. आम्हीही क्षणभर गप्प झालो, कारण खरा प्रश्न हाच होता आणि तो सर्वांच्या मागाहून आला होता.

दुष्काळी मुलखातल्या मुलीस हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. रांजण मोठा असून भागत नाही, धारही मोठी लागते, हे तिने घरी रोज पाहिलेले असते. नळाला करंगळीएवढी धार आली, तर मोठा रांजण म्हणजे केवळ मोठी वाट पाहणे होय. विजेच्या भाषेत बोलावयाचे तर रांजणात मावणारे पाणी म्हणजे युनिटे, आणि धारेची जाडी म्हणजे किलोवॉट. एका किलोवॉटची धार तासभर चालली म्हणजे एक युनिट भरते. हा भेद विद्यार्थ्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. वर्तमानपत्रांतून थोर थोर माणसेही त्यांची गल्लत करताना आढळतात.

आता तीन हजार युनिटे भरण्यास लागणारा वेळ काढू. घरातील मोठ्या सॉकेटमधून फार तर साडेतीन किलोवॉटची धार मिळते. तीवर आपले इंजिन लावले, तर ते भरण्यास सुमारे छत्तीस दिवस लागतील. लातूरकरांनी छत्तीस दिवस काय करावे? हमरस्त्यावर मोटारींसाठी जी चार्जिंगची केंद्रे झाली आहेत, त्यांतील साठ किलोवॉटच्या यंत्रावर पन्नास तास लागतील. हजार किलोवॉटची, म्हणजे एक मेगावॉटची, खास व्यवस्था केली तर तीन तास, आणि शेवटी धार बारीक करावी लागते म्हणून प्रत्यक्षात चारच धरावे. एका तासात भरावयाचे तर तीन हजार किलोवॉट हवेत. तीन हजार घरांतून एकाच वेळी इस्त्री तापत ठेवावी, तेवढा हा भार होय.

याच्याशी डिझेल ताडून पाहावे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिटांइतकी उष्णता दडलेली असते. इंजिनात तिचे दोन हिस्से धुराबरोबर व तापण्यात फुकट जातात आणि एक हिस्सा कामास येतो. तरीही आपल्या गाडीस ९०० लिटर डिझेल पुरे. साध्या पंपाच्या नळीतून मिनिटास चाळीस लिटर डिझेल पडते असे धरले, तर तेवीस मिनिटांत काम आटोपते. नफ्यातोट्याचा हिशेब करून पाहिल्यास त्या हातभर नळीतून आठ मेगावॉटची धार वाहत असते! डिझेल धूर ओकते, परदेशातून आणावे लागते आणि त्याचा अर्धाअधिक भाग वाया जातो, हे सारे खरे. पण ते भरभर भरता येते, हा त्याचा एक गुण इतका मोठा आहे की, त्यापुढे बॅटरीस अजून मान खाली घालावी लागते.

मग धार जाड का करू नये? त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण तारेची. विजेचा दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे किलोवॉट. हजार व्होल्टच्या दाबाने तीन हजार किलोवॉट द्यावयाचे, तर तीन हजार अँपियरचा प्रवाह सोडावा लागेल. प्रवाह दुप्पट झाला की तारेत होणारी उष्णता चौपट होते, हा नियम आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. तेव्हा एवढ्या प्रवाहासाठी तांब्याचे मनगटाएवढे जाड दोर लागतात, तेही अनेक. ते माणसाच्या हातांनी उचलवत नाहीत. ते यंत्राने जोडावे लागतात आणि आतून गार ठेवावे लागतात.

दुसरी अडचण खुद्द बॅटरीची. लिथियमच्या घटात भरताना लिथियमचे विद्युत्भारित कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात आणि तेथील ग्रॅफाइटच्या थरांत शिरून बसतात. शाळेची घंटा झाली म्हणजे मुले वर्गात शिरतात, तसाच हा प्रकार आहे. रांगेने आली तर सर्वांस जागा मिळते. लोटालोटी केली तर काही दारातच अडकतात. प्रवाह फार जोराचा झाला की लिथियमचे कण थरांत न शिरता पृष्ठभागावरच धातूच्या रूपाने साचतात. त्याने बॅटरीचे आयुष्य घटते, आणि प्रकरण हाताबाहेर गेल्यास आतल्या आत जोड होऊन आग लागण्याचेही भय असते. वर्ग भरत आला की शिरणाऱ्यांस जागा शोधावी लागते, म्हणून शेवटचा हिस्सा नेहमी सावकाश भरतात. त्यातून मराठवाड्याचा वैशाख! बाहेरच पारा चाळिशीच्या वर असता आतील उष्णता काढून टाकण्यासाठी बॅटरीतीलच काही वीज खर्ची पडते.

तिसरी अडचण उगमाची. विजेची धार तारेतून येते खरी, पण तारेच्या दुसऱ्या टोकास काय आहे? आपल्यापासून पंचवीस किलोमीटरांवर परळीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे कोळसा जाळून वाफ करितात आणि वाफेने जनित्र फिरवितात. त्या वाफेस व यंत्रे गार ठेवण्यास पाणी लागते. ज्या अवर्षणाने लातूरचे नळ सुकविले, त्याच अवर्षणात पाण्यावाचून हे केंद्रही २०१५ साली बंद ठेवावे लागले होते. वीज दूरवरून दुसऱ्या केंद्रांतूनही आणता येते, म्हणून आपले दिवे विझले नाहीत. तथापि संकटकाळी उपयोगी पडणारे साधन ज्या झऱ्यावर भरते, तो झरा त्याच संकटात आटणार तर नाही ना, हे आधीच पाहून ठेवणे शहाणपणाचे होय. शिवाय एखाद्या लहान स्थानकावर तीन मेगावॉटचा भार एकाएकी चढवावयाचा, तर तेथे स्वतंत्र उपकेंद्र उभारावे लागते. इंजिन येवो वा न येवो, त्याचा खर्च चालूच राहतो.

पाण्याच्या गाडीनेही हाच धडा दिला होता. पहिल्या दहा वाघिणी भरावयास मिरजेस कित्येक तास लागले. पुढे तेथे नळाची मोठी सोय करण्यात आली, आणि मगच पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन निघू लागली. तिच्या एकंदर शंभरावर खेपा झाल्या. आधी नळ रुंद झाला, मग गाडी लांब झाली. हा क्रम बॅटरीच्या इंजिनासही चुकत नाही.

इतर देशांत काय चालले आहे, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये २०२१ च्या आरंभी २,४०० युनिटांच्या बॅटरीचे एक इंजिन डिझेलच्या दोन इंजिनांमध्ये जोडून मालगाडीस लाविले. त्याने एकट्याने गाडी ओढली नाही, साहाय्य केले. उतारावर गाडी आवरताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत घ्यावयाची आणि चढावर ती परत द्यावयाची, अशी ही युक्ती होती. त्या चाचणीत डिझेलची सरासरी अकरा टक्के बचत झाली. ऑस्ट्रेलियातील लोखंडाच्या खाणींसाठी तर १४,५०० युनिटांच्या बॅटरीची इंजिने बनविण्यात आली आहेत. तेथे खाणी उंचावर आणि बंदर समुद्रकाठी. भरलेली गाडी उतरते आणि रिकामी गाडी चढते. जड गाडीस आवरतानाच बॅटरी बरीचशी भरून निघते. याहून सोयीची जागा कोठे मिळावी? आमची पाण्याची गाडी मात्र भरलेली असता चढाच्या बाजूस जात होती आणि रिकामी होऊन उताराकडे परतत होती. ज्यास द्यावयाचे तो उंचावर आणि ज्याच्यापाशी आहे तो सखल भागी, ही मराठवाड्याची जुनीच अडचण आहे!

मग आपल्या देशाने कोणता मार्ग धरिला? त्याने रांजण मोठा करण्यापेक्षा नळच रुळावरून नेला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी धावली. १९२९ साली विजेची तार बोरघाट चढून पुण्यास पोहोचली. त्या घाटात सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. आज मुख्य मार्गांवर २५,००० व्होल्ट दाबाची तार असते. दाब एवढा मोठा असल्याने तीन हजार किलोवॉट नेण्यास अवघे १२० अँपियर पुरतात. म्हणूनच बोटाएवढ्या तारेवर पाच हजार टनांची मालगाडी चालू शकते. वरची तार म्हणजे गाडीबरोबर धावणारा नळच होय. त्यास भरण्यासाठी थांबणे ठाऊक नाही. आजची नवी विद्युत् इंजिने उतारावर उलट तारेतच वीज सोडतात आणि ती दुसऱ्या गाडीच्या कामी येते.

जड गाडीस तारेवाचून गत्यंतर का नाही, हेही गणित सांगते. परळीसारख्या वीजकेंद्राकडे येणारी कोळशाची गाडी साऱ्या भारासह पाच हजार टनांच्या घरात जाते. तीस तेवढ्याच अंतरासाठी सुमारे १७,००० युनिटे लागतील. त्यासाठी लागणारी बॅटरी १८० टनांची, म्हणजे इंजिनाहूनही जड होईल, आणि एक मेगावॉटच्या धारेने ती भरण्यास सतरा तासांहून अधिक वेळ जाईल. तितका वेळ एक रूळही अडून राहील.

तथापि बॅटरीस रेल्वेत स्थानच नाही, असे मात्र कोणी समजू नये. जेथे मालाच्या वाघिणी यंत्राने उलथ्या करून रिकाम्या करितात किंवा वरून यारीने भरतात, तेथे डोक्यावर तार टांगता येत नाही. स्थानकाच्या आवारात वाघिणी इकडून तिकडे लावण्याचे काम असते. त्यास अंतर थोडे आणि विसावा पुष्कळ. अशा ठिकाणी बॅटरीचे इंजिन शोभते. २०२० साली पश्चिम मध्य रेल्वेच्या जबलपूर विभागाने ‘नवदूत’ नावाचे इंजिन तयार केले. तार असेल तेथे ते तारेवर चालते आणि तार नसेल तेथे बॅटरीवर. रांजणही हवा आणि नळही हवा. प्रश्न एवढाच की, कोठे काय.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. पाण्याची गाडी बॅटरीच्या इंजिनाने ओढता आली असती काय? ओढता आली असती. पण मिरजेस आणि लातुरास दोन्हीकडे मेगावॉटचे नळ आधीच घातलेले असते तरच. तहान लागल्यावर ते घालावयास बसलो असतो, तर विहीर खणण्यातच उन्हाळा सरला असता. यंत्र विकत घेणारा मनुष्य त्याची ताकद विचारतो. ते चालविणाऱ्याने ते भरण्याची सोय विचारावी. ही सोय लोकांच्या नजरेस पडत नाही, तिचे उद्घाटन होत नाही, तिची छायाचित्रे छापली जात नाहीत. परंतु संकटाच्या दिवशी गाडी वेळेवर निघते की नाही, हे तिच्यावरच ठरते.

अंबाजोगाईस आगगाडी नाही. पण आपल्या तालुक्यातील घाटनांदुरावरून ती जाते, आणि परळीचे स्थानकही दूर नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगराहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली. हा मार्ग परळीस मिळावयाचा आहे. तेव्हा सुटीच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी पालकांच्या सोबतीने पुढील तीन गोष्टी करून पाहाव्यात. एक, घरच्या विजेच्या मीटरवरील आकडा सकाळी व दुसऱ्या सकाळी टिपून आपले घर दिवसास किती युनिटे वापरते ते काढावे. दोन, स्थानकाच्या बाहेर सुरक्षित जागी उभे राहून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी मोजाव्यात आणि वर सांगितलेल्या रीतीने तीस दर किलोमीटरला किती युनिटे लागतात याचा अदमास करावा. तीन, आपल्या घराची वीज त्या गाडीस किती किलोमीटर नेऊ शकेल, ते सांगावे. उत्तरे वहीत मांडून विज्ञानाच्या तासाला आणावीत. आकडा चुकला तरी चिंता नाही. मात्र प्रत्येक उत्तराच्या खाली, ‘हे भरायचे कोणी, आणि किती वेळात?’ हा प्रश्न लिहिण्यास कोणीही विसरू नये.